नंदीला ब्रेक होता

अन्याय झाला तो माझ्या जुन्या घरमालकांवर. गेल्या तान्ह्या पोळ्याला, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, वरठीजवळच्या त्यांच्या गावात, बाजारचौकातल्या मंडपातून, चालू माइकवर. उत्सव समितीच्या अध्यक्षांनी साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "बिनब्रेकचा नंदी आणल्यामुळे हा स्पर्धक बाद."

बिनब्रेकचा! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ब्रेकाशिवाय दुसऱ्या विषयावर धड तोंड उघडलं नाही, त्याला. ज्या नंदीचा ब्रेक असा लागला की गावातली सगळी पोट्टी आणि त्यांचे बाप मिळून ओढत होते तरी तो सुटला नाही, त्या नंदीला. अहो, आरोप करायचा तर निदान खरा करा. ब्रेक नव्हता असं नाही. ब्रेक जास्त होता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. खरे बैल घरी रवंथ करत बसतात आणि लहान मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून दोरीनं ओढत दारोदार नेतात. घरोघरच्या बाया नंदीची पूजा करतात, मुलांना खाऊ-पैसे देतात, त्याला बोजारा म्हणतात. संध्याकाळी चौकात सजावटीची स्पर्धा. लहान मुलांच्या या स्पर्धेत साठी उलटलेला माणूस स्पर्धक म्हणून काय करत होता, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो गावालाही पडतो, दरवर्षी.

मी गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसित गावातली. पत्रकं लिहायची, वाटायची, माणसं गोळा करायची, हे माझं काम. वरठीच्या बाजूला काम वाढलं म्हणून खोली शोधत फिरत होते, तेव्हा एका दारावर पाटी दिसली: ‘येथे फक्त थांबवण्याचे काम होते. चालू करण्यासाठी दुसरीकडे जावे.’ मला वाटलं, आपल्याच चळवळीतलं कोणीतरी असणार.

आत पडवीत, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून, एक गृहस्थ मोटरसायकलच्या पुढच्या चाकाशी पोत्यावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बस त्या गाडीवर. लिव्हर दाब."

"मी खोली पाहायला आले."

"खोली कुठं पळून चालली? लिव्हर दाब."

मी बसले. दाबला.

"धर."

धरला. खाली पाना फिरला, नळीतून काहीतरी फुर्रकन गेलं आणि माझ्या मुठीतला लिव्हर लोण्यासारखा मऊ होत दांड्याला टेकला.

"सोडू नको! सोडू नको म्हणतो ना!"

"मी सोडलेला नाही!"

"हां. आता सोड." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, मुठीकडे. "खोली वरती हाय. राहा. मुठीत दम हाय तुझ्या."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. भाड्याशिवाय अट एकच: हाक मारली की येऊन लिव्हर दाबायचा. माझ्या आधी तिथं बँकेतला एक तरुण राहत होता. त्यानं बदली मागून घेतली, आणि तीही म्हणे डोंगरात, जिथं मोटरसायकल जात नाही.

मी त्यांना काकाजी म्हणत असे. त्यांच्या बायकोला काकू. नाव मी इथं लिहिणार नाही. नाव त्यांचं गावानं आधीच घालवलं आहे, ते परत मिळेल तेव्हा लिहीन.

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम आहे. मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये तेल असतं. वर लिव्हर दाबला की ते तेल नळीतून खाली जातं आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन पुढे ढकलतं. पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्कला धरतं, गाडी थांबते. तेलात हवा शिरली की लिव्हर पोकळ लागतो. मग एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली बारीकसं निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं, आणि त्यानंतरच वरच्यानं सोडायचं. आधी सोडला की गेलेली हवा परत आत. सगळं पहिल्यापासून.

काकाजींच्या घरी सगळं पहिल्यापासून फार वेळा व्हायचं, कारण ते बोलायचे. "धर" आणि "सोड" यांच्या मध्ये त्यांना गोष्टी आठवायच्या. एकदा मी लिव्हर धरून असताना त्यांना मेहुण्याच्या जमिनीचं भांडण आठवलं. मी धरूनच होते. फोन वाजला, तहसीलमधून होता, घेता आला नाही. भांडण त्यांच्या साळ्याच्या साळ्यापर्यंत गेलं. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "अवो, त्या पोरीले सोड म्हणा, तिच्या हाताले मुंग्या आल्या असन!"

दाब, धर, सोड. त्यांचं सारं आयुष्य या तीन शब्दांत बसत असे. पाहुण्यांचा फोटो काढतानाही ते तेच म्हणत, आणि "सोड" म्हणायला विसरत. त्यांच्या घरातल्या सगळ्या फोटोंत माणसं श्वास रोखून बसलेली आहेत.

कोणाशी हात मिळवला की ते त्याची मूठ दाबून पाहत, लिव्हर दाबावा तशी. "खेळ लय हाय तुझ्यात," असं तोंडावर सांगत. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाचा हात त्यांनी असाच दाबला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याचा लिव्हर पार दांड्याले टेकते." सोयरिक मोडली. मुलाच्या मामानं दारातून परत फिरून विचारलं, "म्हणजे काय म्हणायचं होतं तुमाले?" तर काकाजींनी मामाचाही हात दाबला आणि मान हलवली. "खानदानीच हाय."

चहा समोर आला की आधी उजेडात धरायचे. ब्रेकचं तेल जुनं झालं की काळपट होतं, तो रंग त्यांच्या डोळ्यांत बसलेला. "हा बदलाले आला," असं म्हणून कप परत करायचे. काकू म्हणायच्या, "मंग हवा काढू का त्याची?" आणि तोच चहा परत समोर ठेवायच्या.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला मोटरसायकल चालवता येत नव्हती. मी विचारलं तर रागावले. "चालवाचं काम माझं नोहोय. चालवणारे लय हायेत. थांबवणारा कोण हाय, सांग मले."

हे वेड त्यांना कुठून लागलं, याची कथा ते दरवेळी वेगळी सांगत. खरी मला काकूंकडून कळली. त्यांच्या लग्नात नवरदेवाच्या जीपला ब्रेकच लागेना. वरात मांडवासमोरून वाजतगाजत आली आणि वाजतगाजत पुढे निघून गेली. पुढच्या गावाच्या चढावर जीप थांबली, तिथं दुसरंच लग्न होतं. तिकडच्या लोकांनी यांचे पाय धुतले, सरबत दिलं, आणि सरबत संपल्यावर खरा नवरदेव आला. "मी इकडं हार धरून उभी," काकू म्हणाल्या. "हे तिकडं सरबत पिऊन राहिले. तवापासून यायच्या डोक्यात ब्रेक."

"सरबत चांगलं होतं," काकाजी पडवीतून म्हणाले.

दसऱ्याला त्यांच्याशी कोणी बोलत नसे. लोक मंदिरासमोर गाड्या आणून पूजा करतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि नारळाचं पाणी पुढच्या चाकावर ओततात. काकाजी फडकं घेऊन रांगेच्या शेवटी उभे. पूजा झाली रे झाली की गाडीवर झेपावून कॅलिपर पुसायचे. "देव हँडलमध्ये बसवा ना, आरशात बसवा! पिस्टनमध्ये कायले बसवून राहिले? पिस्टन चिकटला मंग देवच येईन का सोडवाले?" पुजाऱ्याचा कुंकवाचा हात त्यांनी हवेतच धरला होता एकदा. धर म्हणाले असतील, सोड म्हणाले नसतील. पुजारी बराच वेळ तसाच उभा होता, असं सांगतात.

त्यांची ही बाजू लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता मोर्चाचं सांगते, कारण त्याबद्दल गावात चुकीचं बोललं जातं. बसथांब्याचं छप्पर वादळात उडालं होतं, ते परत बसवा म्हणून आम्ही तहसीलवर मोटरसायकल मोर्चा काढला. कारखान्यात जाणारी, शेतावर जाणारी, सगळी माणसं सुटी टाकून आली होती. गाड्या आमच्या दारासमोर रांगेत लागल्या. मी झेंडा उचलला. तेवढ्यात काकाजी बाहेर आले आणि पहिल्या गाडीचं पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. फिरेना.

"पिस्टन चिकटला."

दुसऱ्या गाडीचा लिव्हर दाबला. पोकळ. "हवा."

"काकाजी, परत आल्यावर पाहू," मी म्हटलं.

"परत आल्यावर? एकामागं एक एवढ्या गाड्या जाऊन राहिल्या, पुढच्यानं ब्रेक मारला तं मागचा कुठं जाईन? छपरावर?"

लोकांना ते पटलं. हेच चुकलं. काकाजींनी एकेका गाडीचे बोल्ट सोडवून कॅलिपर उतरवायला सुरुवात केली. पोत्यावर कॅलिपर ओळीनं मांडलेले, बाजारात वैनगंगेची मासोळी मांडावी तसे. चिकटलेला पिस्टन कसा काढायचा याची त्यांची रीत होती. हातोडी नाही, पक्कड नाही. पॅड काढायचे, समोर लाकडाचा तुकडा अडवायचा आणि लिव्हर दाबत राहायचं. "ज्यानं अडकवला त्यानंच सोडवाचा. तेलाचा जोर कोणाच्या बापाले नाई." पिस्टन हळूहळू वर येई, कडेची घाण दिसे, ते ती ब्रेकच्याच तेलानं पुसत. पेट्रोलचं बोट लागलं तरी आतलं रबर फुगतं म्हणून पेट्रोलची बाटली त्यांनी शेजारच्या घरात नेऊन ठेवायला लावली होती.

प्रत्येक गाडीवर एक आंदोलक बसलेला आणि सगळ्यांना एकदमच हुकूम: "दाब! धर! सोड!" रस्त्यानं जाणाऱ्यांना ती घोषणा वाटली. दोघातिघांनी मुठी वर करून साथही दिली. मोर्चा का येत नाही ते पाहायला तहसीलवरून बंदोबस्ताचा शिपाई आला. त्यालाही काकाजींनी एका गाडीवर बसवला. "साहेब, तुमचा हात रिकामाच हाय ना?"

आम्ही तहसीलवर पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. माझा मोर्चा सरकारनं नाही, माझ्या घरमालकानं थांबवला. मी रागानं बोलले, नाही असं नाही. ते शांतपणे हात पुसत म्हणाले, "थांबला ना पण? एका जागी? कोणी कोणावर आदळलं का?" छप्पर अजून आलेलं नाही. त्याचं पत्रक वेगळं आहे.

तर नंदी. काकाजींचा नंदी त्यांच्या वडिलांनी केलेला, सागवानाचा, माणसाच्या कमरेएवढा. लहानपणी ते तो घेऊन तान्ह्या पोळ्यात उतरले आणि नंतर उतरायचं थांबवायला विसरले, एवढंच. वयाची अट समितीनं कुठं घातलेली नाही, मी स्वतः विचारून आले. पोट्टी चिडवायची, "आजोबा, तुमी मोठे झाले ना वो!" ते म्हणायचे, "मोठा नंदी हाय. मी नाई."

स्पर्धेचा रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली चौकात उतरतो. उतार चांगलाच आहे. मागे एका पोराचा नंदी हातातून सुटून बांगड्यांच्या दुकानात शिरला होता. काचा झाल्या, रडारड झाली, समितीनं ‘पालकांनी काळजी घ्यावी’ असं जाहीर केलं आणि विषय संपवला. काकाजींचा संपला नाही. वर्षभर ते त्या उताराकडे पाहत होते. मग एक दिवस भंगारातून मोटरसायकलचं पुढचं चाक घेऊन आले, डिस्क, कॅलिपर आणि नळीसकट.

नंदीच्या पुढच्या दोन पायांमध्ये त्यांनी ते चाक बसवलं. कॅलिपर गुडघ्याशी. लिव्हर आणि तेलाची डबी वशिंडावर. मागं लाकडाची जुनी चाकं तशीच. हवा काढायला अर्थात मी. आख्खी दुपार मी नंदीशेजारी उभी राहून त्याचं वशिंड दाबत होते आणि काकाजी त्याच्या पोटाखालून ओरडत होते. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी थांबली, बघत राहिली आणि काकूंना म्हणाली, "बैल बिमार हाय का वो?"

"बैल बरा हाय," काकू म्हणाल्या. "यायचंच पाहा."

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही नंदी दारोदार नेला. प्रत्येक दारात काकाजी नंदी दोन पावलं पळवायचे, वशिंड दाबायचे, नंदी गपकन उभा. मग बायांना सांगायचे, "शिंगं-बिंगं सोडा. नंदीचा खरा जीव इथं हाय," आणि गुडघ्याशी कॅलिपरवर बोट ठेवायचे.

आता बायांनी काय करावं? नंदीचा जीव जिथं, पूजा तिथं. पहिलं हळदकुंकू काकूंनीच लावलं होतं. शेजारणीनं दुधाचा हात लावला. तिच्या पुढच्या घरी पुरणाचा घास. सण पुरणाचा, घरोघरी पातेली भरलेली, आणि गूळ आमच्याकडे कोणी कमी घालत नाही. दर दारात कॅलिपरवर थोडं दूध, थोडं कुंकू, एक घास पुरण. ऊन कडक. मी पाहत होते, ते पुरण पॅडच्या फटीत बसत होतं आणि वाळत होतं.

"काकाजी," मी हळूच म्हटलं. "पुरण."

दसऱ्याला देवाच्या दारात भांडणारा हा माणूस. त्यांनी कॅलिपरकडे पाहिलं. समोरच्या घरची सून वाकून त्या कॅलिपरला नमस्कार करत होती. काकाजींचे हात नकळत जोडले गेले होते. आजवर त्यांच्या कामाला लोक हसले होते, किंवा वैतागून गेले होते. पाया कोणी पडलं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "एक दिवस."

संध्याकाळी नंदी पाळीवरून निघाला. काकाजींनी नवा सदरा घातला होता. मंडपासमोर चुन्याची रेघ होती, तिथं स्पर्धकानं थांबायचं. उतारावर नंदीनं वेग घेतला, पोट्टी ओरडली, मंडपातल्या लोकांनी पाय वर घेतले. काकाजींनी वशिंड दाबलं.

नंदी रेघेवर थांबला. रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. रेघेवर.

टाळ्या वाजल्या. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. टाळ्या वाजल्या, परीक्षक उभे राहिले, आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेले पुढारी म्हणाले, "वा! बैल शिकलेला दिसते!"

"चला, पुढं घ्या," अध्यक्ष माइकवर म्हणाले.

नंदी पुढं जाईना. दोरी ओढली. आणखी पोट्टी आली, त्यांनी ओढली. बाप आले. नंदी त्या पुरणानं चुन्याच्या रेघेशी जणू सात जन्मांसाठी बांधला गेला होता. मागं उतारावर बाकीचे नंदी एकावर एक साचले, आया त्यांच्या चाकांना गोटे लावत आरडाओरडा करू लागल्या. आणि काकाजी? काकाजींचा चेहरा असा फुलला होता की त्यांच्या लग्नाच्या फोटोतही मला तो तसा दिसलेला नाही.

"पाहा!" ते गर्दीकडे वळून म्हणाले. "याले ब्रेक म्हणते!"

"म्हणते ते म्हणते, पण हलवा ना वो आता!" अध्यक्ष म्हणाले. "पाहुण्यायले दुसरा कार्यक्रम हाय."

काकाजींनी पाना काढला. आधी निपल उघडून जोर सोडला. काही नाही, पिस्टन हलेना. निपल बंद करून ते म्हणाले, "कॅलिपर उतरवा लागते. उतार हाय, चाकाले गोटा लावा." मी स्वतः गोटा आणला, स्वतः चाकाला लावला. याला मी साक्षीदार आहे. मग काकाजींनी बोल्ट सोडवून, पॅडांत पाना घालून, कॅलिपर डिस्कवरून ओढून काढला, पॅड उपसले आणि आजूबाजूला पाहिलं. लिव्हर दाबायला मोकळा हात हवा होता. माझे दोन्ही हात नंदीच्या शिंगांवर. सगळ्यांत मोकळे हात पाहुण्यांचे होते.

"साहेब, या इकडं. दाबा."

"मी?"

"मूठ चांगली हाय तुमची. दाबा. धरा. आणि मी म्हणतवर सोडाचा नाई. काही झालं तरी सोडाचा नाई."

पांढरे कपडे, गळ्यात हार, कपाळाला टिळा, आणि साहेबांनी नंदीच्या वशिंडावरचा लिव्हर धरला. काकाजी कॅलिपर हातात धरून पिस्टनकडे पाहत बसले. आता नंदी फक्त गोट्यावर उभा होता.

आणि इथं अध्यक्ष आले. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "हा गोटा कायले इथं? साहेबायची चप्पल अडकन ना!" आणि आपल्या पायानं, आपल्या स्वतःच्या पायानं, गोटा बाजूला सारला.

नंदी निघाला.

साहेबांनी लिव्हर सोडला नाही. सोडू नका म्हटलं होतं ना. ते वशिंड धरून नंदीबरोबर पळत निघाले. कॅलिपर नळीनं त्याच लिव्हरला जोडलेला, आणि कॅलिपर काकाजींच्या हातात, म्हणून काकाजीही पुढच्या बाजूनं, वाकलेले, पळत निघाले. "धरा! धरा!" "धरलाय! धरलाय!" मी एक शिंग हातात घेऊन मागं राहिले. एक नंदी, एक पुढारी आणि एक घरमालक, एकाच नळीनं बांधलेले, मंडपात शिरले. बक्षिसांचे डबे आणि कुकर दणादण खाली आले. मंडपाचं कापड तिघांवर पडलं.

मग कापडाखालून टप् असा आवाज आला, आणि काकाजींचा गजर: "निघाला! साहेब, पिस्टन निघाला! आता सोडा!"

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ब्रेकचं तेल आणि पुरण होतं, आणि ते हसत होते. हसत नव्हते ते अध्यक्ष. त्यांनी कुकरांच्या ढिगातून माइक शोधला, फुंकून पाहिला आणि ते वाक्य उच्चारलं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

लोक हसले. काकाजी हातात पिस्टन घेऊन उभे होते, चकचकीत, एखादं मेडल धरावं तसा. ते माइकजवळ गेले. म्हणाले, "ब्रेक लागला होता, भाऊ. तुमच्यासमोर लागला."

"बसा आता, काका," अध्यक्ष म्हणाले आणि माइक बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून गावात त्यांचं नाव ‘बिनब्रेक’ पडलं. "का गा बिनब्रेक, बरा हाय ना?" पोट्टी म्हणायची, मोठेही म्हणायचे. महिन्याभरात त्यांनी पाटी उतरवली. मी सामान आवरून आंबागडकडच्या कामाला निघाले त्या दिवशी निरोपाचा हात पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला आणि दाबला नाही. नुसता धरला, तुम्ही-आम्ही धरतो तसा. मला आयुष्यात इतकं वाईट कशाचं वाटलेलं नाही.

परवा माझ्या गाडीचं पुढचं चाक तापू लागलं. ब्रेक धरून ठेवत होता, पिस्टन चिकटला असणार. फोन केला. काकूंनी त्यांना दिला.

"काकाजी, गाडी घेऊन येऊ का? चाक जाम झालंय."

मग म्हणाले, "आणू नको, पोरी. मी आता कोणाले थांबवत नाई."

मागून काकूंचा आवाज आला, "काल मले म्हणे चहा चांगला हाय. न पाह्यताच पिऊन टाकला. माय, मले तं भेव लागून राहिलं."

मलाही लागलं आहे. म्हणून हे पत्रक समजा, काहीही समजा. पुरण घालणाऱ्या बायांचा यात दोष नाही, त्यांनी सांगितलेल्या जागी भक्ती केली. पाहुण्यांचा दोष नाही, त्यांनी दिलेला शब्द मंडपाच्या कापडाखालीही पाळला. काकाजींचा दोष एका दिवसाचा आहे, आणि तो दिवस सणाचा होता. गोटा ज्यांनी काढला त्यांना गोटा आठवत नाही, माइक मात्र आठवतो.

तान्हा पोळा परत येतो आहे. तोच मंडप लागेल, तोच माइक असेल, तेच अध्यक्ष असतील. त्या संध्याकाळी चौकात तुम्ही उभे होता. नंदी रेघेवर थांबला तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्या, मी पाहिलं आहे. तेव्हा या. पाळीवरून या, बाजारातून या, ज्यांच्या गाडीला ब्रेक आहे त्यांनी गाडीनं या, बाकीच्यांनी पायी या. अध्यक्षांच्या हातातून माइक घ्या, फुंकून पाहा, आणि काकाजींच्या पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: नंदीला ब्रेक होता.